बाळाच्या डोळ्यातला मोतीबिंदू : घाई कशाची, सबुरी कशाची

आमच्या मुलीच्या अकीक्याच्या दिवशी मोबाईलवर काढलेला एक फोटो अजून आमच्याजवळ आहे. दादीच्या मांडीवर सात दिवसांचे बाळ, डोक्यावर नवी टोपी, डोळे उघडे. फ्लॅशच्या उजेडात उजवा डोळा लालसर चमकतो आहे, जसा फोटोत पुष्कळांचा चमकतो. डाव्या डोळ्यात मात्र लाल रंगाच्या जागी दुधाचा थेंब पडावा तसा पांढरा ठिपका आहे. फोटो सगळ्यांनी पाहिला. सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटले. कोणीतरी म्हणाले, कॅमेऱ्याचा दोष असेल. विषय तिथेच संपला.

दीड महिन्याची लस द्यायला नेले तेव्हा सिस्टरांनी विचारले, "हिच्या डोळ्यात हे पांढरे काय आहे?" तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी मोतीबिंदू बरोबर ओळखला. पण सल्ला दिला, "एवढ्या लहान बाळाला भूल कशाला द्यायची? वर्षाची होऊ द्या, मग लेन्स बसवून घेऊ." खरे सांगायचे तर आम्हांला हायसेच वाटले. इतक्याशा जिवाचे ऑपरेशन टळले होते. दादीने नजर उतरवली, नानीने सुरमा पाठवला आणि आम्ही वर्ष कधी पुरे होते याची वाट पाहू लागलो.

साडेतीन महिन्यांची झाली तेव्हा तो डोळा नाकाकडे वळू लागला. दम करून घ्यायला तिला आम्ही मशिदीच्या इमामसाहेबांकडे नेले. त्यांनी दम केला, दुआ केली आणि मग म्हणाले, "दुआ मी रोज करीन. पण हिला घेऊन आता घरी बसू नका. पुण्याला जा."

पुण्याच्या मोठ्या नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, "आतापर्यंत कुठे होतात?"

आज आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. या नऊ वर्षांत आम्ही जे शिकलो ते एका वाक्यात असे : लहान मुलाच्या मोतीबिंदूत मोतीबिंदू काढण्याची घाई करायची असते आणि लेन्स बसवण्याची सबुरी ठेवायची असते. आम्ही नेमके उलटे केले. दुसऱ्या कोणत्या घरात तसे होऊ नये म्हणून हा लेख.

म्हाताऱ्यांचा मोतीबिंदू वेगळा, बाळाचा वेगळा

डोळ्याच्या काळ्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. बाहेरून आलेला उजेड हे भिंग डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एकत्र आणते. भिंग गढूळ झाले की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. आजोबांचे भिंग वयाने गढूळ होते. त्यांच्या मेंदूने साठ वर्षे पाहिलेले असते. त्यांचे ऑपरेशन सहा महिने पुढे गेले तरी नजर बहुधा परत मिळते.

बाळाचे तसे नाही. बाळ जन्मते तेव्हा त्याला नीट पाहता येत नसते, ते पाहायला शिकत असते. डोळा चित्र पाठवतो आणि ते चित्र वाचायचे कसे, हे मेंदू पहिल्या काही महिन्यांत शिकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले की, लहानपणी एक डोळा झाकून ठेवला तर पुढे तो उघडल्यावरही मेंदू त्याची दखल घेत नाही. मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा घेऊन टाकतो. त्यांच्या या कामाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या मुलीच्या डोळ्यात मोतीबिंदूने तेच झाकण घातले होते. अशा डोळ्याला आळशी डोळा म्हणतात. डोळा आळशी नसतो, मेंदूने त्याच्याकडे पाठ फिरवलेली असते.

म्हणून डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात. जन्मतः एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर बाळ चार ते सहा आठवड्यांचे असताना तो काढलेला उत्तम. दोन्ही डोळ्यांत असेल तर साधारण आठ ते दहा आठवड्यांच्या आत. चार आठवड्यांच्या आधी केले तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून तेवढे थांबतात. बाळाला भूल देणे ही जोखमीची गोष्ट आहे हे खरे. पण बाळांना भूल देण्यात तरबेज असलेले डॉक्टर मोठ्या रुग्णालयात असतात आणि हे काम ते नेहमी करतात. भूल देता येत नाही म्हणून वर्षभर थांबा, असे कोणी सांगितले तर दुसऱ्या ठिकाणी विचारावे, तेही त्याच आठवड्यात.

एक डोळा आणि दोन डोळे यांतला फरकही समजून घ्यायला हवा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असला तर बाळ चेहऱ्याकडे पाहत नाही, हसत नाही, नजर भिरभिरते. घरच्यांच्या ते लवकर लक्षात येते. एका डोळ्याचा मोतीबिंदू लपून राहतो, कारण बाळ चांगल्या डोळ्याने सगळे करत असते. आमची मुलगी आम्हांला पाहून हसत होती, खुळखुळ्याकडे हात नेत होती. मग काळजी कशाची, असे आम्हांला वाटत राहिले.

हा येतो कशामुळे?

पहिली गोष्ट, यात आईचा दोष नसतो. आमच्या घरी सुनेने ग्रहणात सुरी धरली होती का, इथपर्यंत चौकशी झाली. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. बऱ्याच मुलांत, विशेषतः एकाच डोळ्यात असेल तर, कारण सापडतच नाही. आमच्या मुलीचेही सापडले नाही.

काही कारणे मात्र माहीत आहेत. काही घराण्यांत हा वारशाने येतो. आई-वडिलांपैकी कोणाला लहानपणी मोतीबिंदू झाला असेल तर त्यांच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासून घ्यावेत. काही प्रकार असे आहेत की, आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो. जवळच्या नात्यात पिढ्यान्पिढ्या लग्ने होत असतील तर अशी जोडी जुळण्याची शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांचे लग्न जायज आहे, पण ते केलेच पाहिजे असे बंधन नाही. ज्या घराण्यात असे मूल जन्मले आहे त्या घराण्याने पुढचे नाते ठरवताना डॉक्टरांशी बोलून घ्यावे, एवढेच.

दुसरे मोठे कारण रुबेला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला हा आजार झाला तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या हे प्रथम लक्षात आले. मोतीबिंदू असलेली बाळे एकापाठोपाठ एक त्यांच्याकडे येत होती आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात अंगावर पुरळ येऊन गेले होते. आईला त्रास मात्र नुसत्या तापापुरळाचा, कधी तेवढाही होत नाही. यावर लस आहे. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे सरकारी केंद्रात नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळते. या लसीबद्दल आपल्या वस्त्यांत भलत्यासलत्या अफवा पसरल्या होत्या, त्या आम्हीही ऐकल्या आहेत. आज जिला लस देऊ ती उद्या आई होणार आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मोठ्या मुलांत मार लागूनही मोतीबिंदू होतो. विटी, धनुष्यबाण, फटाका, कंपासपेटीतले कर्कटक, कशानेही. आणि एक कारण घरोघरी आहे. डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालत राहणे. त्याने मोतीबिंदू होतो आणि काचबिंदूही. डॉक्टरांनी ज्या दिवशी बंद करायला सांगितले त्या दिवशी ती बाटली फेकून द्यावी.

सुरम्याबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण त्याचे नाव सुन्नतशी जोडलेले आहे. पण आज बाजारात सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक भुकट्यांत शिसे आढळले आहे, आणि शिसे बाळाच्या वाढत्या मेंदूला घातक असते. सुरम्याने मोतीबिंदू होत नाही, पण जातही नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितले, बाळाच्या डोळ्यात काहीच घालू नका; सुरमा, काजळ, मध, गुलाबपाणी, आईचे दूध, काही नाही. नानीने तो मुकाट्याने परत ठेवला.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

म्हाताऱ्या माणसाचे भिंग कडक झालेले असते, ते फोडून काढावे लागते. बाळाचे भिंग मऊ असते, ते बारीक नळीने शोषून घेतात. हे ऐकताना आम्हांला कुठे माहीत होते की, शोषून काढण्याची ही कल्पना हजार वर्षांपूर्वीची आहे! मूळचे मोसूलचे आणि नंतर मिसरमध्ये राहिलेले नेत्रवैद्य अम्मार इब्न अली अल-मौसिली यांनी इसवी सन १००० च्या सुमारास पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून घेण्याची पद्धत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. त्या काळी मोतीबिंदू सुईने मागे ढकलून देण्याचीच रीत सगळीकडे होती. औषध शोधणे हा ईमानचाच भाग आहे असे मानणाऱ्या समाजात हे काम झाले, याची आठवण आम्हांला ऑपरेशनच्या दिवशी धीर देऊन गेली.

भिंग ज्या पातळ पिशवीत असते तिचा मागचा पापुद्रा लहान मुलांत फार लवकर पुन्हा गढूळ होतो. म्हणून त्यालाही मध्ये गोल खिडकी पाडतात आणि मागचा थोडा पारदर्शक गर काढून टाकतात. ऑपरेशन साधारण तासाभराचे असते. दोन्ही डोळ्यांचे असेल तर बहुधा एकेक डोळा काही दिवसांच्या अंतराने करतात.

इथे आम्हांला धक्का बसला. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू काढला. लेन्स आत्ता बसवलेली नाही." आमच्या मनात ऑपरेशन म्हणजे लेन्स असेच होते. नातेवाईकांचेही फोन आले, "लेन्स नाही टाकली? मग ऑपरेशन कसले केले?" पैसे वाचवायला डॉक्टरांनी असे केले असेल, असेही कोणी सुचवले.

लेन्स आत्ता की नंतर?

आज जगभर बसवली जाणारी कृत्रिम लेन्स एका लढाईतून आली. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या विमानाचे छत फुटले आणि त्याचे प्लास्टिकचे कण त्यांच्या डोळ्यांत शिरले. नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या ध्यानात आले की, एरवी बाहेरचा कण डोळ्यात राहिला की डोळा सुजतो, पण या प्लास्टिकला डोळा काही करत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स त्यांनी बनवून घेतली आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ती प्रथम एका स्त्रीच्या डोळ्यात बसवली. सुरुवातीला त्यांना खूप विरोध झाला. पुढे सगळ्या जगाने ती पद्धत स्वीकारली. आजच्या लेन्सही अॅक्रिलिक या प्लास्टिकच्या जातीच्या असतात. त्यात प्राण्याचे काही असते का, असे दादीने विचारले होते. तसे काही नसते.

मग बाळाला ती लगेच का बसवत नाहीत? कारण बाळाचा डोळा वाढतो. नवजात बाळाचा डोळा समोरून मागे मोजला तर साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २३ ते २४. यातली बरीचशी वाढ पहिल्या दीड-दोन वर्षांत होते. आत बसवलेली लेन्स मात्र वाढत नाही. सहा महिन्यांच्या मुलाला आज अगदी नेमका नंबर बसवला तर तो पुढे जाड उणे नंबर होऊन बसतो. ईदला शिवलेला कुर्ता पुढच्या ईदला येत नाही, तसेच.

यावर एक मोठा अभ्यास झाला आहे. अमेरिकेत २००४ ते २००९ या काळात, एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेली एक ते सहा महिन्यांची ११४ बाळे घेतली. निम्म्यांना ऑपरेशनच्या वेळीच लेन्स बसवली. निम्म्यांना लेन्स न बसवता बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स दिली. मुले साडेचार वर्षांची झाली तेव्हा आणि पुन्हा साडेदहा वर्षांची झाली तेव्हा नजर तपासली. दोन्ही गटांच्या नजरेत फरक नव्हता. पण डोळ्यात पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळ साडेचार वर्षांपर्यंत लेन्स बसवलेल्या मुलांत शंभरात ७२ जणांवर आली, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांत शंभरात २१ जणांवर. म्हणून सात महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा लेन्स न बसवता पुढे न्यावे, असे त्या डॉक्टरांनी सुचवले.

याचा अर्थ लेन्स वाईट असा नाही. दोन वर्षांपुढच्या मुलाला मोतीबिंदू काढतानाच लेन्स बसवणे ही आता रुळलेली पद्धत आहे. फक्त नंबर मुद्दाम कमी ठेवतात; दोन वर्षांच्या आत बसवलीच तर सुमारे २० टक्के कमी, दोन ते आठ वर्षांत सुमारे १० टक्के. डोळा वाढत गेला की तो फरक भरून निघतो आणि तोवर चष्मा लावतात. ऑपरेशननंतर मुलाला जाड चष्मा लागला म्हणजे ऑपरेशन बिघडले असे समजू नये. तो हिशेब करूनच ठेवलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात रोज कॉन्टॅक्ट लेन्स घालणे-काढणे प्रत्येक घराला झेपत नाही. धूळ असते, पाणी स्वच्छ नसते, लेन्स महाग असते आणि हरवते. आमच्या मुलीने पहिल्या वर्षात तीन लेन्स हरवल्या. एक तर आम्ही रात्री दोन वाजता टॉर्च लावून गोधडीत शोधली. म्हणून घराची परिस्थिती पाहून काही डॉक्टर लहान वयातच लेन्स बसवण्याचा निर्णय घेतात. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झालेल्या बाळाला जाड भिंगाचा चष्माही चालतो. हा निर्णय डॉक्टर आणि आई-वडील यांनी बसून घ्यायचा, आणि आपण लेन्स किती काळजीने सांभाळू शकू ते खरे-खरे सांगायचे. आमच्या मुलीला डोळ्यातली लेन्स पाचव्या वर्षी बसवली.

सिलिंडरचा नंबर आणि टॉरिक लेन्स

पुष्कळ आई-वडिलांना आणखी एक शब्द ऐकायला मिळतो, सिलिंडरचा नंबर. डॉक्टर त्याला अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असेल तर चित्र स्वच्छ येते. तो चमच्याच्या पाठीसारखा एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी वाकलेला असेल तर अक्षरे एका दिशेने पसरतात. लहान बाळांत थोडा सिलिंडर पुष्कळदा असतोच आणि पहिल्या काही वर्षांत कमी होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छेदामुळे आणि टाक्यांमुळेही तो येतो, पुढे उतरतो.

मोठ्या माणसांत मोतीबिंदू आणि सिलिंडर दोन्हींवर एकच उपाय म्हणून टॉरिक लेन्स बसवतात. ती ठरावीक कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली तर तिचा सुमारे तीन टक्के उपयोग जातो, तीस अंश फिरली तर जवळजवळ काहीच उरत नाही. बाळाच्या डोळ्यात पिशवी आकसते, डोळा वाढतो, सिलिंडर स्वतःच बदलत राहतो. आज नेमकी बसवलेली टॉरिक लेन्स उद्या चुकीची ठरू शकते. म्हणून लहानांत सिलिंडरसाठी चष्मा हाच खरा उपाय, कारण तो दर काही महिन्यांनी बदलता येतो. नंबर स्थिर झालेल्या मोठ्या मुलांत, मोतीबिंदू काढायचाच असेल तर, टॉरिक लेन्सचा विचार होतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट आहे. मुलाला मोतीबिंदू नाही, फक्त सिलिंडरचा नंबर आहे, तर त्याचे निरोगी भिंग काढून लेन्स बसवायची नसते. भिंग न काढता आत बसवायची वेगळी लेन्स असते, पण तीही सहसा मोठ्यांसाठी, मुलांत अगदी क्वचित. मुलीला चष्मा लागला तर पुढे स्थळ मिळणार नाही म्हणून ऑपरेशन विचारणारे आई-वडील आम्ही रुग्णालयात पाहिले. चष्मा न लावल्याने मात्र डोळा आळशी होतो, आणि तो चष्म्याहून कितीतरी मोठा प्रश्न आहे. सिलिंडर भराभर वाढत असेल आणि मूल सतत डोळे चोळत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. चोळण्याने पडदा पुढे येऊन टोकदार होण्याचा आजार बळावतो.

खरी मेहनत घरी

ऑपरेशन एक तासाचे होते. पट्टीचे काम सहा वर्षे चालले.

कमजोर डोळ्याने मेंदूकडे पुन्हा वाट करावी म्हणून चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकतात. वर सांगितलेल्या अभ्यासात बाळ जितक्या महिन्यांचे तितके तास रोज, आणि आठ महिन्यांनंतर जागे असण्याच्या निम्मा वेळ, असे ठरवले होते. चांगला डोळा झाकला की मूल रडते, पट्टी ओरबाडते, आपटते. दादीला ते पाहवेना. "एक डोळा अल्लाहने चांगला दिला, तोही झाकता?" असे म्हणून त्या दुपारी गुपचूप पट्टी काढून टाकायच्या. आम्ही भांडलो नाही. पुढच्या खेपेला त्यांनाच पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना समजावले. त्या दिवसापासून पट्टीचा हिशेब त्यांनी घेतला. कॅलेंडरवर फज्र, जुहर अशा खुणा करून त्या तास मोजायच्या. मुलीला पट्टी लावून दाण्यांतले खडे वेचायला बसवायच्या, तसबीहचे मणी मोजायला लावायच्या, रंगीत चित्रे दाखवायच्या.

कृत्रिम लेन्सला जवळचे-लांबचे स्वतःहून जुळवून घेता येत नाही. म्हणून शाळेत जाऊ लागल्यावर दोन भागांचा चष्मा लागतो. आमची मुलगी मक्तबमध्ये सिपारा डोळ्यांजवळ नेऊन वाचायची तेव्हा उस्ताद रागवायचे. त्यांना चष्म्याच्या खालच्या भागाचे काम समजावून सांगितले, पहिल्या रांगेत जागा मागितली. शाळेतल्या बाईंनाही तेच सांगितले.

ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्याला मार लागू द्यायचा नाही, चोळू द्यायचा नाही, पाणी जाऊ द्यायचे नाही. नमाज शिकण्याच्या वयाचे मूल असेल तर सजद्यात वाकण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत दीनमध्ये आहेच.

आणि एक तपासणी जन्मभराची आहे. लहानपणी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पुढे काचबिंदू होऊ शकतो, कधी कितीतरी वर्षांनी. तो दुखत नाही, हळूहळू नजर खातो. म्हणून डोळा छान दिसतो म्हणून फेऱ्या बंद करायच्या नाहीत.

कुठे जायचे, खर्च कसा भागवायचा?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश २०१३ पासून आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सरकारी योजना आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे पथक किंवा आशाताई जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राकडे चिठ्ठी देतात आणि पुढचे उपचार मोफत होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचीही रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईचे जे. जे. रुग्णालय, पुण्याचे ससून, पुण्यातच हडपसरकडचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय ही नावे पुष्कळांना माहीत आहेत. मराठवाड्यातली बरीच कुटुंबे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत जातात. कुठेही जा, पण मुलांचे नेत्रतज्ज्ञ आणि मुलांना भूल देणारे डॉक्टर तिथे आहेत का, एवढे आधी विचारा.

लेन्सच्या किमतीचे ओझे पूर्वी फार होते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून भारतातच लेन्स बनवायला सुरुवात केली आणि साधी लेन्स गरिबाच्या आवाक्यात आली. खरा खर्च पुढच्या फेऱ्यांचा, चष्म्यांचा आणि बुडालेल्या रोजीचा असतो. आपल्या मोहल्ल्यात असे मूल असेल आणि घर जकातीस पात्र असेल तर आलिमांना विचारून तिथे हात द्यावा. वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दर तीन महिन्यांचे एसटीचे भाडे देणे अशा घराला जास्त उपयोगी पडते.

आज घरी करायच्या चार गोष्टी

एक, घरात नवे बाळ असेल तर त्याचे फ्लॅश लावून काढलेले फोटो नीट पाहा. एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरे दिसत असेल तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. हे नेहमीच मोतीबिंदूचे लक्षण नसते. डोळ्याच्या कर्करोगातही असाच पांढरा ठिपका दिसतो आणि तिथे तर जिवाचाच प्रश्न असतो.

दोन, बाळंतपण झालेल्या रुग्णालयातून घरी येण्याआधी डॉक्टरांना म्हणा, बाळाच्या डोळ्यांत बॅटरी टाकून लाल चमक दिसते का ते पाहा. याला दोन मिनिटे लागतात. आमच्या मुलीच्या पाठच्या भावाचे आम्ही तिसऱ्या दिवशी करून घेतले.

तीन, डॉक्टरांना "लेन्स कोणती, कधी?" याच्या आधी विचारा, "मोतीबिंदू किती दिवसांत काढायला हवा?"

चार, उशीर झाला असेल तरी जा. दिल्लीत प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमात, जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या आठ वर्षांपुढच्या मुलांची ऑपरेशने झाली, तेव्हा त्यांनाही उपयोगी पडेल इतके दिसू लागले. पूर्ण नजर आली नाही, पण माणसे ओळखता आली, एकट्याने चालता आले. आता काय उपयोग, असे म्हणून घरी बसणे ही दुसरी चूक असते.

आमच्या मुलीच्या डाव्या डोळ्याने आज चष्मा लावून तक्त्यावरची वरून तिसरी ओळ दिसते. सहाव्या आठवड्यात गेलो असतो तर किती दिसले असते, ते अल्लाहलाच माहीत. वेळेवर गेलेल्या सगळ्यांनाच पूर्ण नजर मिळते असेही नाही. ११४ बाळांच्या त्या अभ्यासातही सुमारे एक चतुर्थांश मुलांचीच त्या डोळ्याची नजर चांगली राहिली. पण आमच्या हातात असलेले तीन महिने आम्ही वाट पाहण्यात घालवले, हे सल मनातून जात नाही. मुले ही अल्लाहची अमानत असतात आणि अमानतीचा हिशेब द्यायचा असतो.

परवा तिने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्या डोळ्याने दादीकडे पाहत म्हणाली, "दादी, या डोळ्यानेसुद्धा तुम्ही हसताना दिसता." दादी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त शुक्र अदा केला.